कार्यकर्त्याचा महिन्याचा हिशेब

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याचा तो प्रसंग, तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या वस्तीच्या दृष्टीने आनंदाचाच होता. आणि मजल्यावरच्या सामाईक शौचालयासमोर ज्यांनी कधी सकाळची रांग लावली नाही, त्यांना त्या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार नाही. चाळसंस्कृतीच्या नावाने गळा काढणारे लेख बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनीच लिहिलेले असतात. तथापि या स्थलांतरात एक माणूस असा आहे, की ज्याची नोंद कोणत्याही पात्रता-यादीत सापडणार नाही. त्याच्या नावावर बहुधा खोली नव्हतीच. तो भावाच्या खोलीत, गावमंडळाच्या गाळ्यात, व्यायामशाळेच्या पोटमाळ्यावर किंवा उन्हाळ्यात सरळ गच्चीवर झोपत असे. शिधापत्रिकेचा अर्ज लिहून देणे, रात्री-अपरात्री रुग्णाला केईएममध्ये पोहोचविणे, अभ्यासिकेचे कुलूप उघडणे, मयताचे सामान आणणे, जांबोरी मैदानावरील सभेच्या सतरंज्या घालणे आणि सभा संपल्यावर त्या झटकून गुंडाळणे, हा त्याचा व्यवसाय. पगार नाही, पद नाही. असलेच तर एखाद्या मंडळाच्या पत्रावर ‘चिटणीस’ म्हणून नाव. त्याला ‘कार्यकर्ता’ म्हणतात.

हा माणूस जगत कसा होता, हा प्रश्न त्याच्या सत्काराच्या सभेत कधी विचारला जात नाही. तेथे त्याच्या साधेपणाचे गोडवे गायिले जातात, शाल-श्रीफळ दिले जाते. वास्तविक त्याच्या महिन्याच्या हिशेबाकडे कोणी कारकुनी नजरेने पाहिले, तर साधेपणाहून अधिक उद्बोधक असे काही हाती लागते. तो कमी पैशांत जगत होता आणि पुष्कळदा चांगला, समाधानाने, मानाने जगत होता, यात शंका नाही. पण ते केवळ त्याच्या मनोनिग्रहाच्या बळावर नव्हते.

हिशेबातील पहिली रक्कम निवाऱ्याची. ती जवळजवळ शून्य असे, आणि त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, मुंबई विकास खाते स्थापन झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा त्या खात्याचा मनोदय होता. त्या आकड्याच्या जवळपासही ते पोहोचले नाही; तरी एकट्या वरळीत १२१ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या. काँक्रीटच्या त्या भिंती उन्हाने तापत. गिरण्यांपासून लांब पडणाऱ्या या चाळींकडे कामगार आरंभी फिरकेनात. शेवटी १९३० च्या कायदेभंगात रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करून सत्याग्रहींना तेथे डांबण्यात आले. भाडेकरू मिळेनात म्हणून कैदी ठेवावे लागलेली अशी वसाहत दुसरी क्वचितच सापडेल! पुढे मात्र याच खोल्या भरल्या, ओसंडल्या, आणि भाडे नाममात्र राहिले. खोलीचे ओझे कुटुंबाला जाणवत नव्हते, म्हणून कुटुंबातला एक मुलगा ‘समाजाचे’ करीत फिरला तरी घर कोसळत नव्हते. वरळीच्या कामगार आणि दलित वस्तीत नाइट स्कूल, वाचनालय, बुद्धविहार, गणेशोत्सव, भजनी मंडळ आणि कबड्डीचा संघ ही सारी उठाठेव ज्या फुरसतीवर चालली, ती फुरसत या स्वस्त खोलीने पुरविली होती.

दुसरी रक्कम जेवणाची. गिरणगावात एकटे राहणाऱ्या पुरुषांसाठी बायका आपापल्या खोलीत घरगुती खानावळी चालवीत. कामगार महिनाभर जेवून पगाराच्या दिवशी पैसे देई. कार्यकर्ता त्याच पंगतीत बसे, आणि त्याची बाकी दुसऱ्या महिन्यात ओढली गेली तरी ताट बंद होत नसे. हा चांगुलपणा स्वस्त नव्हता. महिनाभराचे धान्य, तेल, रॉकेल उधारीवर आणण्यासाठी या बायका सावकाराच्या जबर व्याजात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून या खानावळवाल्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडली, तेव्हा कोठे हा फास सैल होऊ लागला. कामगाराचे स्वस्त ताट आणि चळवळीचे स्वस्त ताट, दोन्ही वर्षानुवर्षे एका बाईने सावकाराला भरलेल्या व्याजावर वाढले जात होते. चळवळींच्या इतिहासात पुढाऱ्यांच्या भाषणांना पानेच्या पाने मिळतात; या व्याजाला एक ओळ मिळायला हरकत नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, संप लांबत गेला, कामगार गावाकडे परतले, आणि खानावळींचा आधारच निखळला.

उरलेल्या रकमा किरकोळ. औषधपाण्याला परळचे केईएम, नाहीतर वरळीतीलच पोदार रुग्णालय. वर्तमानपत्र मंडळाच्या वाचनालयात. प्रवास शक्य तो पायी, पाऊस असला तर बेस्टच्या बसने. कपड्यांचे दोन जोड. चहा ज्याचे काम केले त्याच्याकडे. आणि हा चहा नाकारणे उद्धटपणाचे समजले जाई, ही त्यातली आणखी एक सोय! महापालिकेचे रुग्णालय, सरकारची चाळ, उपक्रमाची बस, सार्वजनिक वाचनालय आणि शेजारणीची खानावळ या पाच खांबांवर त्याची साधी राहणी उभी होती. यातील एकही खांब त्याने स्वतः रोवलेला नव्हता.

हे जुन्या पिढीतील संस्थापकांना नीट उमगले होते. गोपाळ गणेश आगरकरांनी, एम.ए. होण्याच्या सुमारास, आपल्याकडून मोठ्या पगाराची आशा करू नये, पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून आपण परहितासाठी वेळ घालविणार आहोत, असे आईला पत्राने कळविल्याची हकीकत महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाने केव्हा ना केव्हा वर्गात सांगितलेली आहे. त्या हकीकतीची दुसरी बाजू वर्गात सहसा येत नाही. आगरकर १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता गेले, आणि त्यानंतरचा संसार यशोदाबाईंना निभवावा लागला. पोटापुरत्या पैशांचा संकल्प एकाने केला होता. तो पाळावा लागला दोघांना. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचा ७५ रुपयांचा पगार हा त्यागाचा मानदंड म्हणून सांगितला जातो. परंतु तो पगार ठरलेला होता, दरमहा मिळत होता, हेही विसरता येत नाही. त्याच संस्थेत उमेदीची वर्षे घालविलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्याच्या शपथेत हाच व्यवहार त्यांनी स्वच्छ मांडला. सदस्याने स्वतःसाठी द्रव्यार्जन करावयाचे नाही. समाज त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तजवीज करील तिच्यात समाधान मानावयाचे. वाक्याच्या उत्तरार्धातील ‘कुटुंबाच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

या तजविजीतून काय निपजते, ते वरळीपासून हाकेच्या अंतरावर पाहता येते. नारायण मल्हार जोशी १९०९ मध्ये भारत सेवक समाजात दाखल झाले, १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, परळच्या कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली, आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. ज्या डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे, तेथून काचेच्या कार्यालयांत जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, ते सोडून द्या. सांगण्याचा मुद्दा इतकाच, की जोशी यांना उद्याच्या भाकरीची भ्रांत नव्हती. म्हणून ते दशकांमागून दशके एकाच कामाला चिकटून राहू शकले.

स्वातंत्र्यानंतर ही तजवीज विरळ होत गेली आणि तिची जागा एका मूक व्यवस्थेने घेतली. ती म्हणजे नोकरी करणारी पत्नी. शाळेत, बँकेत, टेलिफोन खात्यात किंवा रुग्णालयात आठ तास काम करून घर चालविणाऱ्या स्त्रीच्या आधाराने महाराष्ट्रातील कितीतरी पूर्णवेळ कार्यकर्ते पूर्णवेळ राहिले. पतीच्या त्यागाचा गौरव झाला. पत्नीच्या पगाराचा उल्लेख झालाच तर ‘समर्थ साथ’ या दोन शब्दांत. या लबाडीला उत्तर म्हणून एक चांगला उपक्रम १९८० च्या दशकात उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून निधी जमविला, आणि त्या ‘सामाजिक कृतज्ञता निधी’तून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था झाली. निधीचे नावच बोलके आहे. कार्यकर्त्याला देऊ केलेला पैसा भीक नव्हे आणि बक्षीसही नव्हे. समाजाने फेडलेले ते देणे आहे. नटांना जे सुचले ते सरकारला आणि विद्यापीठांना का सुचू नये, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

सरकारला निराळेच सुचले. ‘स्वयंसेवक’ या शब्दात बचत आहे, हे त्याच्या ध्यानात आले. गावोगावच्या ‘आशा’ आणि मुंबईतील वस्त्यांत घरोघर फिरणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य सेविका ज्या नोंदी ठेवतात, जी लसीकरणे घडवून आणतात, क्षयरोगी शोधून काढतात, त्यावर सार्वजनिक आरोग्याचा डोलारा उभा आहे. पण त्या ‘स्वयंसेविका’ म्हणून त्यांना वेतन नाही, मानधन आहे, आणि त्यासाठी ‘आशां’ना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी संपावर जावे लागले. स्वेच्छेने पत्करलेली अल्पसंतुष्टता आणि दुसऱ्याने लादलेली स्वस्ताई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आगरकरांनी आपला पगार आपण होऊन मर्यादित ठेवला. आरोग्य सेविकेचा तो दुसऱ्या कोणी ठरविला. दोघांनाही ‘सेवाभावी’ म्हणून एकाच शालीत गुंडाळणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

वरळीला याची किंमत अलीकडेच कळून आली. मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा कोरोनामुळे बंद करण्यात आला, तेव्हा बाहेरचा माणूस आत आणि आतला बाहेर जाऊ शकत नव्हता. अशा वेळी कोणत्या घरात मधुमेही म्हातारी एकटी आहे, कोणाकडे तान्हे मूल आहे, हे शासनाच्या नकाशावर नसते. ते गल्लीतल्या चार पोरांना ठाऊक असते. अशी माहिती बारा महिने, काही निमित्त नसताना, दारोदार बसून गोळा होते. ती गोळा करणाऱ्या माणसाला त्या वस्तीत राहता आले पाहिजे, हा तिचा खर्च.

आणि प्रश्न येथेच येऊन ठेपतो. चाळीस मजली इमारतीत उद्वाहन, पंप, आगीपासून बचावाची यंत्रणा, पहारेकरी हे सारे आले, आणि त्यांचा खर्च आज ना उद्या रहिवाशांच्याच माथी येणार. घर मालकीचे झाले तरी दरमहा बिल भरण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागेल. ज्या घरात ते बिल जेमतेम भरले जाईल, तेथला मुलगा संध्याकाळी दुसऱ्यांचे अर्ज भरीत बसणार नाही. तो दुचाकीवरून पार्सले पोहोचवील, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. गॅलरी गेली, तिच्याबरोबर शेजारणीच्या हाकेवरची खानावळही गेली. सरकारने २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी काढली होती. योजना चांगली, पण थाळीला ओळख नसते, आणि बाकी पुढच्या महिन्यात ओढण्याची सोयही नसते.

१२१ चाळी एकदम पडणार नाहीत. काम टप्प्याटप्प्याने होणार आहे, म्हणून बोलायला अवधी आहे. प्रत्येक समूहात अभ्यासिकेला लागून एक राहण्याची खोली आणि छोटे स्वयंपाकघर असावे. ती कोणाच्या मालकीची नसावी, विकता येऊ नये, आणि वस्तीचे काम करणाऱ्याला दोन-तीन वर्षांच्या मुदतीने नाममात्र भाड्यात मिळावी. भाडेकरू कोणी व्हावे हे नगरसेवकाने नव्हे, रहिवाशांच्या सभेने ठरवावे. नाहीतर तेथे पक्षाचे कार्यालय थाटले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच्या आरोग्यविम्याचा हप्ता आणि माफक मानधन हे सोसायटीच्या देखभाल खर्चातच धरावे. हजारभर घरांत वाटला तर हा खर्च घरामागे महिन्याला चहाच्या दोन-चार कपांहून अधिक होणार नाही. वरळीतून शिकून बाहेर पडलेले शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी आज डोंबिवली-विरारपर्यंत पसरले आहेत. त्यांनी वर्षातून एका दिवसाचा पगार जुन्या वस्तीच्या अशा निधीत टाकला तर तोही कृतज्ञता निधीच होईल. नव्या सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे उद्वाहनाचा देखभाल-करार मंजुरीला येईलच. त्याच्या खालचा विषय म्हणून हा ठेवता येईल. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागणार नाहीत.