दंड भरला, तरी डाग उरतो

मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा दंड भरला की मिटतो, असा समज अजूनही रूढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे.

रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड दोन हजारांपर्यंतच होता.

खरी झळ त्यानंतर बसते. दोषी ठरलेल्यास किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविण्याची तरतूद कलम २० मध्ये आहे. टॅक्सी वा ट्रकचालकाच्या घरी याचा अर्थ चूल बंद.

नोकरदाराचीही सुटका नाही. सरकारी नोकरीच्या पडताळणी अर्जात अटक, दंड व दोषसिद्धीची विचारणा होते. माहिती दडविल्यास नोकरी जाऊ शकते. खरे सांगितले तरी निर्णय नियोक्त्याच्या हाती राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले. परदेशाची वाटही बिकट होते. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवर नेल्याने तो 'गंभीर गुन्हेगारी'त मोडतो आणि अशी एक दोषसिद्धीही प्रवेश रोखू शकते.

नाकाबंदीतील त्या एका रात्रीची किंमत पावतीवरील आकड्यात मावत नाही, ती अशी वर्षानुवर्षे चुकवावी लागते.