प्रसेनजित राजाचे ताट आणि आपले ताट

आपल्या वस्त्यांत सकाळचे चालणे वर्षातून दोनदा सुरू होते. एकदा १४ एप्रिलनंतर, आणि एकदा गल्लीत कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की. चार-पाच जण पहाटे उठून पारनाक्याच्या बाजूला चालायला जातात. चहातली साखर बंद, वडापाव बंद. मग एखादे लग्न येते, पाहुणे येतात, रात्रपाळी लागते आणि सगळे थांबते. विचारले की उत्तर ठरलेले असते, "काय करणार सिस्टर, मनच लागत नाही."

या उत्तराविषयीच मला बोलायचे आहे. कारण मन लागण्याची वाट पाहता पाहता आपली माणसे डायलिसिसच्या खाटेवर पोचतात. वॉर्डात काम केले तेव्हाही हेच पाहिले आणि आज वस्तीत फिरतानाही हेच पाहते. पायाची जखम महिनाभर बरी होत नाही म्हणून माणूस दवाखान्यात येतो आणि त्याच दिवशी त्याला पहिल्यांदा कळते की आपल्याला मधुमेह आहे.

मधुमेह हा बंगलेवाल्यांचा आजार, हा समज आता सोडला पाहिजे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात फुग्यांच्या कारखान्यात काम करणारे आहेत, चिकूच्या वाडीत राबणारे आहेत आणि डहाणू लोकलने विरार-बोरिवली गाठणारेही आहेत. खुद्द बाबासाहेबांना १९४८ पासून मधुमेहाने ग्रासले होते. घरात माईसाहेबांसारख्या डॉक्टर असूनही या आजाराने त्यांचे शरीर पोखरले आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. आपण दर ६ डिसेंबरला त्यांना अभिवादन करतो. त्यांना झालेला आजार आपल्या घरात शिरू नये याची काळजी घेणे, हेही मला अभिवादनच वाटते.

राजाने काय केले?

संयुक्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. राजा एका वेळी द्रोणभर, म्हणजे मोठी बादली भरेल इतक्या तांदळाचा भात खायचा. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला पथ्याची यादी दिली नाही की रागावलेही नाहीत. जो सदैव सजग राहून जेवताना मात्रा जाणतो त्याचे त्रास कमी होतात आणि तो लवकर म्हातारा होत नाही, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायचे काम दिले. त्याबद्दल रोजचे १०० कार्षापण द्यायचे ठरवले. अट्ठकथेत पुढचा तपशील येतो. राजा शेवटच्या घासाला आला की सुदस्सनाने गाथा म्हणायची, राजाने तो घास ठेवून द्यायचा आणि पुढच्या वेळी तेवढेच तांदूळ कमी शिजवायचे. असे करत राजा हळूहळू एका नाळीभर तांदळावर आला आणि त्याचे अंग हलके झाले.

राजा काही मनाचा फार खंबीर नव्हता. आपण ताटावर बसलो की विसरतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने आठवण करून देणारा माणूस ठेवला. सति म्हणजे हेच, योग्य वेळी आठवण असणे. उत्साह येतो आणि जातो. आठवणीची सोय मात्र आपल्याला करता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे राजाने एका दिवसात द्रोणाची नाळ केली नाही. आपण मात्र १५ एप्रिलला भात बंद, साखर बंद, तेल बंद करतो आणि महिनाअखेरीस सगळे दुप्पट सुरू करतो. चहाचेच पाहा. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप धरले तर आठ चमचे होतात. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर दिवसाला ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर एका माणसाच्या पोटात जाते, तीही फक्त चहातून. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ बदलते. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांना आता जुना चहा पाकासारखा लागतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. राजाचे माप ताटात कमी झाले नाही, ते तांदूळ शिजवण्याआधी कमी झाले. आपल्या घरात उरलेला भात कोण संपवते? आई संपवते. सगळ्यांचे जेवण झाल्यावर, "वाया कशाला घालवायचे" म्हणून. आधी ती उपाशी थांबते आणि मग उरलेसुरले सगळे खाते, बहुतेक वेळा नुसता भात आणि कालवणाचा रस्सा. डाळ आणि मासळीचे तुकडे तोवर संपलेले असतात. म्हणून निर्णय तांदळाच्या मापाशी घ्यायचा. एक मूठ तांदूळ कमी आणि एक मूठ डाळ जास्त. आणि घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर बसून जेवायचे. समतेची सुरुवात ताटापासून व्हायला कुणाची हरकत आहे?

"आता कुठे पोटभर मिळतेय"

एका बैठकीत एक आजी मला म्हणाल्या, "बाई, आमच्या पिढ्या उपाशी गेल्या. आता कुठे पोटभर मिळतेय, तर तू म्हणतेस कमी खा?"

आजींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे आजही कुपोषित मुले आहेत. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे हे बुद्धांनी धम्मपदात सांगितले आहे, आणि आळवी गावात भुकेला शेतकरी ऐकायला आला तेव्हा आधी त्याला जेवू घालून मगच त्यांनी धम्म सांगितला. मी कुणालाही उपाशी राहा म्हणत नाही. पण आज वस्तीत जे स्वस्तात आणि दारापर्यंत पोचते ते काय आहे? मैद्याची बिस्किटे, पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे, रंगीत सरबत, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी. पूर्वी आपल्याला अन्न मिळू दिले जात नव्हते. आता पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. हेही आपण ओळखायला हवे.

आपल्याकडे चांगले अन्न आहेच. नाचणीची भाकरी आहे, वाल-उडीद आहेत, शेवग्याचा पाला आहे, पावसाळ्यात टाकळा आणि शेवळे आहेत. सुके बोंबील, सुकट, जवळा ही ताकदीची मासळी आहे. फक्त त्यात मीठ फार असते, म्हणून भिजवून दोन पाण्यांनी धुवा आणि कालवणात वरून मीठ घालू नका. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ पुरे म्हणते. ज्यांना बीपी आहे त्यांनी हे जास्तच पाळावे. चिकू आपल्या दारचा, पण भरपूर गोड. मधुमेह असेल तर एखाददुसरी फोड घ्या, पाटी घेऊन बसू नका.

राबणे आणि चालणे

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" हा प्रश्न वाडीत काम करणाऱ्याने विचारला तर बरोबर आहे. पण यंत्रापुढे आठ तास एका जागी बसणे किंवा लोकलमध्ये दीड-दोन तास उभे राहणे याने शरीर थकते, हृदयाला व्यायाम होत नाही. आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालणे पुरेसे आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तेही तुकड्यांत चालते. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटे चालले तर साखर चढण्याला चांगला आळा बसतो.

आणि चालणे आपल्याला परके नाही. अंगुत्तर निकायात बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतो, खाल्लेले नीट पचते आणि समाधी टिकते. बायका म्हणतात, एकट्या कुठे चालणार, लोक बघतात. मग विहाराचे आवार कशासाठी आहे? संध्याकाळच्या वंदनेआधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून चंक्रमण करा. पावसात विहाराच्या आत करा. सोबत असली की मन लागण्याचा प्रश्न उरत नाही. एक आली नाही तर दुसरी हाक मारते. तीच आपली सुदस्सन, आणि तिला १०० कार्षापणही द्यावे लागत नाहीत.

मंडळांनाही माझे सांगणे आहे. जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला खीर असू द्या, पण छोट्या वाटीत. बुंदीच्या पाकिटाऐवजी उकडलेले चणे, केळे किंवा शेंगदाणे द्या. एका वर्षी कुरकुर होईल, दुसऱ्या वर्षी होणार नाही. डीजेच्या खर्चातला थोडा भाग वळवून वस्तीत साखर आणि बीपी तपासणीचा दिवस ठेवा. तिशीवरच्या प्रत्येकाची ही तपासणी सरकारी उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

एक सूचना कळकळीची. वर्षावासात उपोसथाला आपल्यातले अनेक जण अष्टशील घेऊन दुपारनंतर जेवत नाहीत. ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. साखर एकदम उतरते, घाम येतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडतो. असे झाल्यास, शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, त्याला तातडीने दवाखान्यात न्या. आजारी माणसाला बुद्धांनी विनयातही सवलत दिली आहे. आणि चालायला लागलो म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आज रात्री एवढेच करा. तांदूळ मापताना एक क्षण थांबा, एक मूठ बाजूला ठेवा, आणि शेजारणीला विचारा, उद्या वंदनेआधी येतेस का?

जय भीम, नमो बुद्धाय.