निर्वेध, बिनबोजाची आणि वर्ग दोन

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. रांजणगावची आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि एकरांत मोजली जाणारी इथली जमीन गुंठ्यांत विकली जाऊ लागली. रस्त्याकडेच्या फलकांवर ‘क्लिअर टायटल’ असे वाचून नोकरदार माणूस आयुष्याची पुंजी मोजून देतो. खरेदीखताची भाषा याहून भारदस्त. जमीन ‘निर्वेध व बिनबोजाची’ असल्याचा भरवसा तीत दिलेला असतो. आणि त्याच गटाच्या सातबारावर, वरच्या एका ओळीत, कधीकधी ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते.

सातबारा हा साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा मजकूर आहे, असे आम्हांला वाटते. ‘भोगवटादार’ हा शब्दच पाहावा. मालक नव्हे, भोगणारा. वर्ग एकचा भोगवटादार जमीन विकायला सामान्यतः मोकळा असतो. वर्ग दोनच्याला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. जुन्या उताऱ्यांवर याच अर्थी ‘नवीन व अविभाज्य शर्त’ असा शेरा आढळतो. ही शर्त अर्धशतक जुनी झाली तरी नवीनच राहते.

शर्तीमागचा हेतू क्षुद्र नव्हता. १९४८ च्या कूळकायद्याने जमीन मिळालेले कूळ, वतने खालसा झाल्यावर ती पुन्हा मिळालेला कनिष्ठ वतनदार, धरणाखाली गाव गेलेला विस्थापित, या साऱ्यांकडून जमीन पुन्हा सावकाराच्या किंवा पुढाऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून ती घातली गेली. चासकमानचे पाणी शिरूरला आणि भामा-आसखेडचे दौंडला. त्यामुळे लाभक्षेत्रातल्या गावांना पुनर्वसनाच्या शिक्क्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. पुण्याहून प्लॉट पाहायला आलेल्याला मात्र तो शिक्का दिसत नाही.

इथवर आम्ही शर्तीच्या बाजूचे आहोत. आमचा आक्षेप ‘नजराणा’ या शब्दापाशी सुरू होतो. दरबारात नजर करायची ती भेट, असा याचा मूळ अर्थ. वतनाची जमीन बिगरशेतीसाठी द्यायची तर बाजारभावाच्या निम्मी रक्कम सरकारजमा करावी लागे. ज्याचे रक्षण करायचे त्याच्याच जमिनीच्या निम्म्या किमतीवर रक्षकाने हात ठेवावा, हे न्यायाचे कसे? मग तो दुबळा धारक नजराणा टाळण्यासाठी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांवर, पडेल भावात, जमीन देऊन मोकळा होतो. घेणाऱ्याच्या हाती कागद येतो, सातबारावर नाव लागत नाही. शर्त मोडलेली असते, आणि तिने ज्या दोघांना सांभाळायचे ते दोघेही उघड्यावर असतात. कुळांच्या जमिनींबाबत २०१४ साली शहाणपण आले: खरेदीनंतर दहा वर्षे लोटली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरली की पूर्वपरवानगी लागत नाही. आकारणी मुळातच नगण्य. म्हणजे हे जवळजवळ फुकटच. मग इतरांनीच कोणते पाप केले?

तुकडेबंदीची कथा वेगळी, तरी शेजारची. १९४७ च्या या कायद्यासाठी २०२३ पासून पुणे जिल्ह्यात जिरायतीला वीस व बागायतीला दहा गुंठ्यांची मर्यादा आहे. दोन गुंठे घेणारा, म्हणजे २१७८ चौरस फुटांचा धनी, त्यात बसत नाही. असे व्यवहार नियमित करायला २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम मागितली गेली, पुढे ती ५ टक्क्यांवर आली. ज्याने आधी २५ टक्के भरले त्याचे काय, हा प्रश्न कोणत्याच अधिसूचनेला पडलेला दिसत नाही.

शर्त रद्द करा, अशी आमची मागणी नाही. ती रद्द झाली तर रांजणगावच्या आसपास पहिली विकली जाईल ती पुनर्वसिताचीच जमीन. पण प्रत्येक वर्ग दोनच्या उताऱ्यावर, कोणत्या कायद्याने, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत हा निर्बंध आहे, परवानगी कोणाची लागते, हे चार वाक्यांत सरळ मराठीत छापावे. आणि दुय्यम निबंधकाने तीच चार वाक्ये खरेदीखताच्या पहिल्या पानावर, ‘निर्वेध व बिनबोजाची’च्या आधी, लिहवून घ्यावीत.