पेग नंतर, आधी अ‍ॅक्सल बघा!

पगार झाला की वर्ध्यातल्या भाच्याला 'बीएमएक्स' घेऊन देणाऱ्या तमाम मामा लोकांनो, चार चकचकीत पेग बघून सायकल कसली निवडता? मागे मित्राला उभं करायला ते ठीक आहेत हो. पण पोरगं कठड्यावर ग्राइंड करणार असेल तर आधी मागचा अ‍ॅक्सल मोजा. खऱ्या फ्रीस्टाइल सायकलला तो १४ मिमी असतो. स्वस्तातल्यांना बराच बारीक. तो वाकला की दात पोराचे पडतात, दुकानदाराचे नाही.

दुसरं म्हणजे 'स्टीलच भारी' हा हट्ट. लोखंडी पाइपवर स्टील झकास घसरतं, मान्य. खडबडीत सिमेंटवर मात्र अडतं, वर कठड्याची कडही फोडतं. तिथे प्लास्टिकचं आवरण असलेलाच पेग हवा. झिजलं की फक्त आवरण बदला.

आणि चार पेग कशाला? ग्राइंडच्या बाजूला दोन पुरे. उरलेल्या पैशात त्याच बाजूचे हब गार्ड घ्या, हबच्या मापाचेच. नाहीतर कठड्याची धार आत सरकून स्पोक तोडते.

बाकी, कठडा निवडताना गोपुरीच्या गीताई मंदिराच्या शिळांकडे बघायचंसुद्धा नाही :-)