‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?

संगणकावर पान उघडेनासे झाले की आपण एकच उद्गार काढतो, “नेट गेले!” आणि कोणी जाणकार येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या पोटात डोकावू नये, असा जणू अलिखित नियमच आपण करून ठेवला आहे. तो मला मान्य नाही.

लिनक्सचेच उदाहरण घेऊ. एके काळी त्यावर नेटवर्कची जोडणी करायची तर फाइलीत आकडे हाताने लिहावे लागत. एक आकडा चुकला की जोडणी बंद. पण आपण काय लिहिले, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. पुढे २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘नेटवर्कमॅनेजर’ सुरू केला. आज ग्नोम आणि केडीई या दोन्ही डेस्कटॉपांवरील नेटवर्कच्या खिडक्या त्याच्याच आधाराने चालतात. खिडक्या निराळ्या, कारभारी एकच! वायफायचे नाव निवडावे, पासवर्ड द्यावा, की काम झाले. या सोयीला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु सोय म्हणजे ज्ञान नव्हे. त्याच सेटिंगमध्ये चार गोष्टी असतात : संगणकाचा आयपी पत्ता, आपल्या नेटवर्कची हद्द सांगणारा नेटमास्क, बाहेर पडण्याचा दरवाजा म्हणजे गेटवे, आणि नावावरून आकडी पत्ता शोधून देणारा डीएनएस. बहुधा राउटर हे सारे आपण होऊन पुरवतो, म्हणून तिकडे आपले लक्ष जात नाही. पण बाहेरच्या आकडी पत्त्याला ‘पिंग’ केल्यावर उत्तर येते आणि नावाने मात्र एकही संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा नेट गेलेले नसते. डीएनएस रुसलेला असतो. दुसरा डीएनएस लिहून जोडणी बंद-चालू केली की पुष्कळदा काम भागते.

आणखी एक. सर्वांसाठी साठवलेला वायफायचा पासवर्ड साध्या मजकुराच्या फाइलीत राहतो आणि संगणकाचे मुख्य अधिकार ज्याच्या हाती, त्याला तो वाचता येतो. सामाईक संगणक वापरणाऱ्यांनी हे जाणून असावे.

कोणी म्हणेल, स्कूटर चालवणाऱ्याने इंजिन उघडावे काय? उघडू नये, पण टाकीत पेट्रोल आहे की नाही, एवढे तरी पाहावे! ज्या प्रणालीने आपले काहीच झाकून ठेवलेले नाही, तिच्यासमोरही आपण डोळे मिटून बसलो, तर दोष यंत्राचा कसा म्हणावा?