‘चाक’मधला च आणि पाच हजारांचे हेडफोन

मंडळाच्या ध्वनी-अंकासाठी हेडफोन घ्यायचे ठरले आणि आपल्या ग्रुपवर लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणतो, ब्लूटूथचे घ्या, वायरीची कटकट कशाला. दुसरा म्हणतो, घ्यायची तर एकच जोडी घ्या, पण दणदणीत. पैसे सगळ्यांच्या वर्गणीचे आहेत, म्हणून माझंही मत मांडते. वायरचे घ्या, क्लोज्ड-बॅक घ्या, हलके घ्या, पाच हजारांच्या आसपासचे घ्या. आणि एक नको, दोन जोड्या घ्या.

आधी आपण ऐकणार काय आहोत ते बघू. १ नोव्हेंबर १९५६ला भोपाळ राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबं सरकारी नोकरीमागे इथे आली. त्या वेळी आईचा पदर धरून आलेली पाच-सात वर्षांची मुलं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. आपल्याला त्यांचं बोलणं टिपायचंय. नागपूरकडचं वेगळं, ग्वाल्हेरचं वेगळं, आणि वर सत्तर वर्षं भोपाळच्या हिंदीत मुरलेलं. हे रेकॉर्डिंग बिघडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा करू, असं इथे म्हणता येत नाही.

आता ‘चाक’ हा शब्द घ्या. आपल्या आज्यांच्या तोंडी त्यातला च दाताजवळचा असतो, व्याकरणात ज्याला दंततालव्य म्हणतात तो. ‘चार’मधला च वेगळा, टाळूचा. ‘जाळ’ आणि ‘जीव’ यांचंही तेच. हिंदीत हा भेद नाही, त्यामुळे इथे वाढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचं ‘चाक’ ‘चार’सारखंच निघतं, आणि शाळेची हळूहळू ‘शाला’ होते. तसंच ‘म्हातारी’, ‘न्हाणी’, ‘कोल्हा’ यांतल्या श्वासाचं. तो श्वास कुणाच्या बोलण्यात आहे आणि कुणाच्या गळून गेलाय, हे ऐकूनच कळणार. अंकात जे टिपण लिहायचं ते याच्यावरच उभं राहणार आहे. म्हणून माझ्या मते हेडफोनची परीक्षा ही: त्यातून दोन च वेगळे ऐकू येतात का?

दाताजवळच्या च मधली सळसळ वरच्या कंपनांत असते, चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे. आणि इथेच ब्लूटूथ गळतं. गाणं ऐकताना ते छान चालतं, पण त्याचाच माइक चालू झाला की ते फोनवर बोलायच्या पद्धतीत शिरतं. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही. नव्या पद्धतीत १६,००० नमुने, म्हणजे मर्यादा ८,००० हर्ट्झ. पहिल्या प्रकारात आजीचा ‘चाक’ आणि माझा ‘चाक’ सख्खी भावंडं वाटतील. शिवाय आवाज कानात पोचायला उशीर होतो. स्वतःचाच आवाज थोडा मागून ऐकू आला तर माणूस बोलता बोलता अडखळायला लागतो, हे अभिवाचन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वायर अंगणातल्या वेलासारखी पायात येते हे मान्य, पण ती उशीर करत नाही आणि चार्जिंग मागत नाही.

क्लोज्ड-बॅक म्हणजे कपाची पाठ बंद असलेले. ओपन-बॅकला मागे जाळी असते. आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेरही सांडतो. घरी एकट्याने ऐकायला ते उत्तम. माइकपासून हातभर अंतरावर बसून वापरले तर हेडफोनमधून निसटलेला आवाज परत माइकमध्ये जातो. बंद पाठीचे हे बरंचसं थांबवतात, आणि बाहेरचा गोंगाटही थोडा कमी करतात. त्याचा एक फायदा आपल्या कानांना आहे. बाहेर रिक्षा, आत कूलर, असं असलं की आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. रात्र-रात्र संकलन करणाऱ्यांना हा फरक महागात पडू शकतो.

मात्र बंद कपाची एक अट असते: गादी कानाभोवती नीट टेकली पाहिजे. कुठेतरी फट राहिली की खालचे सूर तिथून निघून जातात आणि तोच हेडफोन पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. फट कशाने पडते? चष्म्याच्या काडीने. झुमक्याने. कानावरून घेतलेल्या वेणीने. म्हणजे दोन मैत्रिणींनी एकच जोडी लावली, एकीला चष्मा आणि दुसरीला नाही, तर दोघींचं मत वेगळं पडणार आणि दोघी खरंच सांगत असणार. म्हणून ‘आवाज कसा आहे’ आणि ‘डोक्यावर कसा बसतो’ हे दोन वेगळे प्रश्न मला पटत नाहीत. सगळीकडे आवाजाला पानभर जागा आणि आरामाला शेवटी दोन ओळी, हे उलट व्हायला हवं.

मला चष्मा आहे. माझ्याकडे आजवर तीन-चार जोड्या येऊन गेल्या, त्यातल्या एकीने (नाव सांगत नाही) काड्या अशा दाबल्या की पाऊण तासात कानामागे दोन ओळी उमटायच्या. ती आवाजाला उत्तम होती. पण पाऊण तासानंतर मी आवाज ऐकतच नव्हते, कान मोजत होते. आपलं एकेक रेकॉर्डिंग दीड-दोन तासांचं होणार. पुढे त्याचं संकलन त्याच्या चौपट. इतका वेळ जो डोक्यावर ठेवता येत नाही, तो कितीही भारी असला तरी टेबलावरच वाजणार.

आणि आपलं हवामान. मे महिन्यात पारा ४०च्या वर, रेकॉर्डिंगला पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद. अशात कृत्रिम चामड्याच्या गादीखाली कानाला धार लागते. मखमलीसारख्या कापडाच्या गाद्या त्या मानाने सुसह्य, पण त्यांतून बाहेरचा आवाज जास्त आत येतो. कृत्रिम चामडं घामाने वर्ष-दोन वर्षांत सोलवटतं, त्याचे काळे पापुद्रे गालाला चिकटतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. यावर माझा उपाय देशी आहे: जुन्या मऊ सुती साडीचं, इलॅस्टिक घातलेलं टोपडं. बाळाला घालतात तसंच. आवाजात त्याने किंचित फरक पडतो, बोलणं ऐकायला अडत नाही, आणि दर वेळी धुता येतं. दहा जण वापरणार असलेल्या वस्तूला एवढं हवंच.

आता नावं. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स: वजन वायर सोडून १९० ग्रॅम, ४७ ओहम, ३ मीटर वायर. एकेजीचा के७२: सुमारे २०० ग्रॅम, ३२ ओहम, वायर तेवढीच, आणि डोक्यावरची पट्टी आपोआप ताणून बसणारी, त्यामुळे वेगवेगळ्या डोक्यांना बरी. किमती सणासुदीला हलतात, पण दोन्ही साधारण चार ते सहा हजारांच्या पट्ट्यात मिळतात. दोन्ही फोनवरही पुरेशा मोठ्याने वाजतात. एम२०एक्स खालचे सूर किंचित भरून देतो. बोलण्यासाठी ते त्रासाचं नाही. दोन्हींची वायर कपाला कायमची जोडलेली आहे, वेगळी निघत नाही, तेव्हा ओढून बॅगेत कोंबणाऱ्यांच्या हाती देऊ नये.

‘दणदणीत’ पक्षाचं म्हणणंही मी ऐकलंय. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१पासून जवळपास आहे तसाच विकला जातोय, जगभरच्या स्टुडिओंत आणि चित्रीकरणांवर दिसतो, आणि त्यात स, श, च यांची टोकं फार स्पष्ट ऐकू येतात. खरं तर आपल्या ‘चाक’-परीक्षेत तो पहिला येईल. पण तासाभरात तीच टोकं कानाला टोचायला लागतात, आणि किमतीत एम२०एक्सच्या दोन जोड्या येतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आरामात सगळ्यांच्या वर, मखमली गाद्यांचा; तो आणखी महाग. तो घ्यायचाच असेल तर ओहम बघून घ्या, कारण २५० ओहमवाला आपल्या फोनवर कुजबुजेल.

खोक्यावर ‘स्टुडिओ’ लिहिलेलं असतं त्याला मात्र काडीची किंमत देऊ नका. तो शब्द कुणीही छापू शकतो. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हेही तसंच: या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी वाजतं एवढंच ते सांगतं, समान वाजतं का हे नाही. खरा शब्द आहे मॉनिटर, आणि तो आपल्या शाळेतल्या मॉनिटरसारखाच असावा. कुणाची चप्पल घासली, कुठे फ्रिज घरघरला, मधेच कुकरची शिट्टी झाली, सगळं नाव लिहून बाईंना सांगणारा. लाडका नसला तरी चालेल.

न्यू मार्केटमधल्या दुकानात हेडफोन लावून दिला की विक्रेता हमखास धडधड बासचं गाणं लावतो. त्यावर काही ठरवू नका. आपली परीक्षा आपण न्यावी. फोनमध्ये दोन गोष्टी ठेवा. एक, घरातल्या कुणाचं तरी पाच मिनिटांचं साधं बोलणं, ज्याचा खरा आवाज तुम्हाला पाठ आहे. दुसरी, तानपुऱ्यावरचं संथ गाणं. कुमार गंधर्व १९४८पासून शेवटपर्यंत देवासला राहिले, म्हणजे आपल्या शेजारीच. त्यांचं कुठलंही रेकॉर्डिंग घ्या आणि गळा बाजूला ठेवून फक्त तानपुरे ऐका. बास फुगवलेला हेडफोन खर्जाची तार नुसती घुमवतो, वरचा झंकार त्यात बुडतो. किंवा ध्रुपद लावा. उज्जैनचे उदय भवाळकर इथल्याच ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरिदुद्दीन डागरांकडे शिकले. त्यांच्या आलापात मंद्रातला एकेक स्वर सावकाश सरकतो. स्वर सरकताना आवाज मधेच एखाद्या ठिकाणी फुगला किंवा दबला, तर तो गवय्याचा दोष नव्हे, हेडफोनचा.

हे ऐकताना जबडा हलवून पाहा, मान खाली घाला, चष्मा लावून-काढून पाहा. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते का बघा, कारण टेकली की अर्ध्या तासात तीच दुखते. ऑनलाइन मागवले तर परत करायच्या मुदतीतली एक संध्याकाळ ते डोक्यावर ठेवूनच ट्यूटोरियल लिहा. दुकानातल्या पाच मिनिटांत सगळेच हेडफोन आरामाचे असतात.

दोन जोड्या कशासाठी, असं खजिनदार विचारतील. रेकॉर्डिंगला एक कान पुरत नाही. एक जण यंत्राजवळ बसून गडबड टिपेल, दुसरा समोर बसून प्रश्न विचारेल आणि शब्द ऐकेल. घुर्रर्र ऐकणारा माणूस आणि ‘न्हाणी’ ऐकणारा माणूस एकच असेल तर दोन्ही कामं अर्धी होतात. शेवटी आजी-आजोबांनाही त्यांचाच आवाज ऐकवायचा आहे, आणि तो ऐकताना त्यांच्या डोक्यावर दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त ओझं मला नकोय. ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांना बंद कपात शिट्टी ऐकू येऊ शकते, त्यांच्यासाठी स्पीकर ठेवावा. तसंच ‘च’ वेगळा होता की नाही यावर दोघांनी वेगवेगळं ऐकून नोंद केली तर ती नोंद निदान वादाला उभी राहील. एकाच्या कानावर अख्खं टिपण ठेवायला माझी तयारी नाही.

दोन जोड्या एका सॉकेटला लावायला स्प्लिटर लागेल, तो स्वस्तात मिळतो. ज्यांच्या फोनला हेडफोनचं भोकच नाही त्यांना टाइप-सी जोडणी घ्यावी लागेल. हेडफोनबरोबर ६.३ मिलिमीटरचा सोनेरी जोड येतो, तो पहिल्या आठवड्यात हरवतो. खोकं उघडल्या उघडल्या सेलोटेपने वायरीलाच चिकटवून टाका. आणि टोपडी शिवायला माझ्याकडे दोन साड्या आहेत, इलॅस्टिक कुणीतरी आणा.