नवी मुंबईला इतिहास नाही, हा समज खोटा आहे

नवी मुंबईचा इतिहास जपला पाहिजे असे कोणी म्हटले की एक ठरलेले उत्तर मिळते. इतिहास पैठणला, पुण्याला, कोल्हापूरला. इथे काय आहे? खाडीकाठची खारट जमीन होती, शहर वसवणारी सरकारी सिडको आली, सेक्टर पडले, माणसे राहायला आली. हे उत्तर सरकारी अधिकारी देतात, बिल्डर देतात आणि वीस-तीस वर्षे इथे राहिलेले सुशिक्षित रहिवासीही देतात. त्यात तीन विधाने दडलेली आहेत. शहरापूर्वी इथे काही नव्हते, हे पहिले. पन्नास-पंचावन्न वर्षे म्हणजे इतिहास म्हणण्याजोगा काळ नव्हे, हे दुसरे. आणि जे काही नोंदवण्याजोगे घडले ते सरकारी दप्तरात आहेच, हे तिसरे. ही तिन्ही विधाने पुराव्यापुढे टिकत नाहीत. शिवाय हा समज निरुपद्रवीही नाही. ज्या शहराला भूतकाळच नाही, त्याच्याबाबत कोणी काय ठरवले, कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, हे विचारण्याची सोयच उरत नाही.

पहिले विधान आधी पाहू. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या हद्दीत, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर हे शहर आखले गेले. ही गावे मोकळ्या जागेत पसरलेली वस्ती नव्हती. आगरी, कोळी आणि कराडी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशी झगडून ही जमीन लागवडीखाली ठेवली होती. खाडीच्या कडेने मातीचे बांध घालायचे, उधाणाचे पाणी अडवायचे, पावसाळ्यात साचलेले गोडे पाणी उघाडीतून सोडायचे आणि खाऱ्या मातीत भात पिकवायचे, हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. एक बांध फुटला की अनेकांची शेते खारी होत, म्हणून बांधबंदिस्ती ही साऱ्यांची जबाबदारी असे. त्याच किनाऱ्यावर मिठागरे होती, मासेमारी होती, होडीने चालणारा व्यापार होता. बेलापूरच्या किल्ल्याने सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्ता पाहिल्या. पनवेलला नगरपालिका १८५२ मध्ये झाली. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि माणसे हुतात्मा झाली. हा प्रदेश कोरा होता असे म्हणायचे, तर हे सारे आधी पुसून टाकावे लागते.

दुसरा आक्षेप वयाचा. इतिहास जुना असल्याशिवाय इतिहास होत नाही, ही समजूत जगाने केव्हाच सोडून दिली आहे. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया १९६० मध्ये वसली आणि १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, म्हणजे अवघ्या २७ वर्षांची असताना. स्वातंत्र्यानंतर उभारलेल्या चंदिगडचे कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये त्याच यादीत आले. मुंबईत ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन इमारतींबरोबर दुसऱ्या बाजूच्या, विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारतींनाही २०१८ मध्ये तोच मान मिळाला. या ठिकाणी वर्षे मोजली गेली नाहीत, माणसांनी काय घडवू पाहिले ते तपासले गेले. त्या कसोटीवर नवी मुंबईचे पारडे हलके नाही. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईची उत्तरेकडे होणारी कोंडलेली वाढ खाडीपलीकडे वळवण्याचा प्रस्ताव मांडला. सरकारने तो स्वीकारला, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि सुमारे वीस लाख लोकांसाठी, एका केंद्राऐवजी अनेक नोडमध्ये विभागलेले शहर कागदावर उतरले. स्वतंत्र भारतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर नगररचनेचे प्रयोग फार थोडे झाले. त्यात काय साधले आणि काय फसले, याचा हिशेब हाच मोलाचा इतिहास आहे.

फसले काय, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. राज्याचा कारभार खाडीपलीकडे न्यावा, म्हणजे नोकऱ्या, कचेऱ्या आणि त्यामागे माणसे आपोआप तिकडे जातील, हा मूळ कल्पनेचा कणा होता. प्रत्यक्षात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि मंत्रालय जागचे हलले नाही. बेलापूरला कोकण भवन आले, पण राजधानी आली नाही. शहराची वाढ मग दुसऱ्या वाटांनी झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला आणि पुढच्या पंधरा वर्षांत धान्य, फळे, भाजीपाला असे बाकीचे बाजारही आले. त्यांच्याबरोबर सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोलीत स्थिरावले. लोकल मात्र १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला पोहोचली, म्हणजे पुलानंतर जवळपास दोन दशकांनी. त्याच वर्षी १ जानेवारीपासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत ११ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. रेल्वे उशिरा का आली, राजधानी का हलली नाही, याची उत्तरे निसर्गात नाहीत, निर्णयांत आहेत. ते निर्णय ज्यांना ठाऊक नाहीत, ते आज शहराच्या प्रत्येक अडचणीला नशीब म्हणतात.

आता सर्वांत नाजूक आक्षेप. काहीजण प्रामाणिकपणे म्हणतात की भूसंपादनाचा इतिहास उकरला तर जुन्या जखमा वाहू लागतील, भूमिपुत्र आणि बाहेरून आलेले असा वाद पेटेल. ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती उलट्या दिशेने बोट दाखवते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, जासई आणि नवघर परिसरात, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि १९९० मध्ये ते सरकारी धोरण झाले. शहरासाठी जमीन देणाऱ्याचा शहरात वाटा असावा, हा विचार या मातीने महाराष्ट्राला दिला. ही आठवण कोणी दडवून दडत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ती किती जागी आहे हे सगळ्यांनी पाहिले. प्रश्न एवढाच, की ही आठवण कागदपत्रांच्या आणि साक्षींच्या आधाराने सर्वांसमोर यावी, की ऐकीव गोष्टींच्या रूपाने निवडणुकीपुरती वापरली जावी. वाद पेटवतो तो अर्धवट इतिहास. पूर्ण नोंद दोन्ही बाजूंना जबाबदार बनवते, आणि तुर्भ्याच्या माथाडीला व जासईच्या शेतकऱ्याला एकाच शहराच्या जडणघडणीत आपापली जागा दाखवते.

तिसरे विधान दप्तराचे. दप्तरात पुष्कळ आहे, हे खरे. सातबारा आहेत, फेरफार आहेत, संपादनाचे निवाडे आहेत, नकाशे आहेत. पण निवाड्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि मोबदला सापडतो. उघाडी कोण सांभाळत होते, शेत गेल्यावर भात लावणाऱ्या बायकांनी कोणते काम धरले, मिळालेला पैसा किती दिवस पुरला, हे त्यात सापडत नाही. शिवाय दप्तर अमर नसते. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. कायम जपायचा तो फक्त अ वर्ग. ब वर्गाची मुदत तीस वर्षांची, म्हणजे सत्तरच्या दशकातले तसे कागद नष्ट करण्याची वेळ केव्हाच येऊन गेली. मुदत शिल्लक असतानाही कागद जातात. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातल्या किती फायली जळाल्या, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतच्या लढाईला शतकाहून अधिक काळ लोटला होता. साक्षीदार कोणीच नव्हते. त्यांना वाळवी लागलेली दप्तरे शोधत घरोघर फिरावे लागले. नवी मुंबईचे पहिले साक्षीदार आज हयात आहेत. बांध घातलेले, मोर्चात चाललेले, पहिल्या सेक्टरमध्ये पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेले लोक अजून बोलू शकतात. राजवाड्यांना जे कधी मिळाले नाही ते हाताशी असताना ते दवडणे, हा इतिहासाचा अभाव नव्हे, आपला आळस आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. जागेचे भाव आभाळाला भिडले आहेत, सिडकोच्या सुरुवातीच्या इमारती धोकादायक झाल्या आहेत, लोकांनी पडक्या घरात राहून वारसा जपायचा का? मुळीच नाही. ज्या घराचे छत कोसळते आहे त्याचा पुनर्विकास व्हायलाच हवा. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी ऐंशीच्या दशकात कुटुंबाला वाढवता येतील अशी बैठी घरे योजली. त्यांतली बरीच आज बदलली वा पाडली गेली, आणि घर वाढवण्याची मुभा हाच त्या रचनेचा हेतू असल्याने त्याबद्दल रहिवाशांना दोष देता येत नाही. पण पाडणे आणि विसरणे ही दोन वेगळी कामे आहेत. इमारत पाडण्यापूर्वी तिचे नकाशे, छायाचित्रे आणि पहिल्या रहिवाशांची निवेदने जमा करायला पुनर्विकासाच्या खर्चाचा नगण्य भाग लागतो. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचे पात्र वळवले गेले, दहा गावे उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. त्या गावांची घरे परत येणार नाहीत. त्यांची देवळे कुठे होती, जत्रा कधी भरत, विहिरी कोणाच्या होत्या, हे मात्र स्थलांतरित गावकऱ्यांकडून आजही नोंदवता येते.

म्हणून करायचे काम स्पष्ट आहे. महानगरपालिका आणि सिडकोने मिळून शहराचे सार्वजनिक अभिलेखागार उघडावे आणि त्यात पहिले पान ९५ गावांचे असावे, आराखड्याचे त्यानंतर. संपादनाचे निवाडे, जुनी सर्वेक्षणे आणि नकाशे यांच्या प्रती कोणाही नागरिकाला पाहता याव्यात. गावकरी, माथाडी, पहिले रहिवासी, अभियंते आणि आंदोलक यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्या आगरी-कोळी बोलीत असतील तर त्याच बोलीत ठेवाव्यात. पुनर्विकासाच्या परवानगीत नोंद करण्याची अट घालावी. शाळांनी आपापल्या नोडच्या गावाचा इतिहास मुलांकडून लिहून घ्यावा. यातले काहीही खर्चिक नाही. इथे राहणाऱ्यांनीही सरकारची वाट पाहू नये. घरातली जुनी संमतीपत्रे, वाटपपत्रे, पहिल्या दिवसांची छायाचित्रे रद्दीत घालू नका, आणि ज्या गावाच्या जमिनीवर तुमची इमारत उभी आहे तिथल्या वडीलधाऱ्यांशी एकदा बोला. ते साक्षीदार गेल्यावर कितीही निधी मंजूर केला तरी ही साधने पुन्हा मिळणार नाहीत.